खालच्या मजल्यावरची ऊब

देओलिंदाने सकाळी पलंगावरून पाय खाली टाकले आणि चटका बसावा तसे वर ओढून घेतले. जमीन थंडगार होती. तिने पुन्हा एक अंगठा टेकवून पाहिला. थंडी तळपायातून थेट घोट्याच्या हाडात गेली, आणि ती दोन्ही पाय पोटाशी घेऊन पांघरुणात तशीच बसून राहिली. सात हिवाळे ती या घरात अनवाणी वावरली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, फॉल रिव्हरसारख्या गावात, बाहेर पायऱ्यांवर गोठलेलं बर्फ, आणि ही घरात बिनमोज्यांची फिरते, याचं तिला मनातून फार कौतुक होतं. चर्चमधल्या बायका हीटरच्या बिलावरून रडायला लागल्या की ती गप्प बसून हसायची आणि फारच झालं तर म्हणायची, “आम्ही फुर्नासची माणसं. आमचे तळपायच वेगळे.” फ्लोरिडाहून नेल्सन दर रविवारी फोन करायचा. “आई, हीटर लावतेस ना?” “लावते रे बाबा, लावते.” ते अगदीच खोटं नव्हतं. भिंतीवरची हीटरची चकती सगळ्यांत खालच्या आकड्यावर होती, नळ गोठू नयेत एवढ्यापुरती, आणि कुणी येऊन उगाच फिरवू नये म्हणून तिने तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. एवढ्यावर तिचं भागायचं. कसं भागतं, हा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारला नव्हता.

आता विचारावा लागत होता, कारण जमीन थंड होती. तिने कान दिला. रोज साडेसहाला खालच्या मजल्यावर एर्मीनियाचा रेडिओ लागायचा, त्यांच्या मायदेशाच्या भाषेतल्या स्टेशनवरची जपमाळ. शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसती घरघर लाकडातून वर यायची. देओलिंदा त्या घरघरीवर उठायची, कॉफी ठेवायची, आणि ‘काय मेलीला बहिरेपण आलंय’ असं रोज एकदा म्हणायची. आज सात वाजून गेले होते आणि खाली काहीच नव्हतं. सपातांचा आवाज नाही, नळाचा नाही. तिसरा मजला ऑगस्टपासून रिकामाच होता. नव्या मालकाने तिथली माणसं काढली आणि रंग लावून भाडं वाढवून ठेवलं, पण अजून कुणी आलं नव्हतं. म्हणजे डोक्यावर रिकामं, आणि आता पायाखालीही रिकामं. तिच्या तोंडून निघालेला श्वास खोलीत दिसला. छोटासा, पांढरा, आणि लगेच विरून गेला. तिला तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं वाटलं.

फुर्नासला, समुद्रापलीकडच्या त्या ज्वालामुखीच्या बेटावर, त्यांच्या घरामागची जमीन गरम असायची. पावसात तिच्यातून वाफ निघायची, आणि ती लहान असताना सगळी पोरं त्या वाफेत पाय रोवून उभी राहायची. जगात सगळीकडेच जमीन अशी खालून तापलेली असते अशी तिची समजूत होती. बायका पहाटे तळ्याकाठच्या खड्ड्यांत पातेली पुरायच्या, वर माती लोटायच्या आणि आपापल्या नावाची लाकडी पाटी रोवून घरी जायच्या. दुपारपर्यंत कोबी, रताळी, मांस सगळं आपोआप शिजायचं. तिथे राखण करायला कुणी बसत नसे. दुसऱ्याच्या पाटीखालच्या मातीला हात लावायचा नाही, एवढं शेंबड्या पोरालाही माहीत असे. तिलाही माहीत होतं. तरी एकदा, बाप गेला त्या वर्षी, त्यांच्या पातेल्यात नुसती रताळी आणि पाला होता, आणि शेजारच्या खड्ड्यातून लसणाच्या सॉसेजचा वास येत होता. तिने हातांनी माती उकरली, बोटं पोळून घेतली आणि एक तुकडा काढून खाल्ला. आईला कळलं. आईने मारलं नाही, मनगटाला धरून तिला त्या शेजारणीच्या दारात नेऊन उभं केलं आणि म्हणाली, “सांग.” तिने सांगितलं. शेजारीण आत गेली, आणखी एक तुकडा घेऊन आली आणि तिच्या पोळलेल्या हातावर ठेवला. तो तुकडा तिला गिळता आला नाही. सत्तर वर्षं झाली. तो दारात उभं राहण्याचा क्षण अजूनही कधीमधी कॉफी पिताना तिच्या घशाशी येतो.

ती उठली. पायांत प्लास्टिकच्या सपाता घातल्या. लोकरीचे मोजे घरात नव्हते. नवऱ्याचे, ग्वाल्तेरचे, होते ते त्याच्या कपड्यांबरोबर चर्चला देऊन टाकले होते. तिने स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर पाणी ठेवलं आणि त्या निळ्या ज्योतीवर हात धरले. एर्मीनिया मेली असेल, असं तिच्या मनात सरळ शब्दांत आलं. ब्याऐंशीची आहे. मागच्या वर्षी ड्वेली स्ट्रीटवरची फिलोमेना अशीच गेली, ओव्हनचं दार उघडून समोर बसली होती ऊब घ्यायला, बसल्या जागी गेली. बंबवाल्यांचा माणूस नंतर चर्चमध्ये येऊन सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून गेला, ओव्हनने घर तापवू नका, खिडक्या बंद असल्या की हवा विषारी होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. एर्मीनिया पुढच्या बाकावर होती. देओलिंदा मागच्या. सात वर्षं झाली, त्या एका बाकावर बसल्या नव्हत्या.

आणि त्याआधी बावीस वर्षं पडद्यांच्या कारखान्यात त्यांची यंत्रं शेजारी शेजारी होती. एकीचा दोरा तुटला की दुसरी तिचं काम पुढे सरकवायची, मुकादमाला कळायचंसुद्धा नाही. नेल्सनला बाप्तिस्म्याच्या वेळी एर्मीनियानेच हातांत धरलं होतं, ती त्याची धर्ममाता. तेव्हापासून दोघी एकमेकींना नावाने हाक न मारता ‘कोमाद्रे’ म्हणायच्या, घरचीच एक म्हणून. हे घर एर्मीनियानेच शोधलं. “तू वर राहा, मी खाली राहते, माझे गुडघे वाईट आहेत.” कॉफी झाली की ती झाडूच्या दांड्याने छतावर दोनदा ठोकायची, देओलिंदा टाचेने दोनदा उत्तर द्यायची आणि जिना उतरायची. मग ते सगळं एका वाक्याने गेलं.

ईस्टरनंतरचे सात आठवडे पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट घरोघर फिरतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते त्याच्या घरी तो आठवडाभर, आणि रोज संध्याकाळी शेजारीपाजारी प्रार्थनेला. त्या वर्षी चिठ्ठी देओलिंदाची निघाली. ग्वाल्तेर जाऊन तीन महिने झाले होते. तिने समोरच्या खोलीत पांढऱ्या चादरी लावल्या, कागदाची फुलं केली, गोड पाव भाजले. एप्रिल होता तरी बर्फ पडत होतं. हीटर तिने लावला नव्हता. फुलं, मेण, पीठ, सगळं हीटरच्याच पैशांतून आलं होतं, आणि तिला वाटलं, एवढ्या मेणबत्त्या, एवढी माणसं, खोली आपोआप तापेल. ती तापली नाही. बायका गुडघे टेकून हात बगलेत घालून बसल्या होत्या. प्रार्थना संपली आणि एर्मीनिया उठता उठता मोठ्याने म्हणाली, “बायांनो, कोट काढू नका गं! इथे पवित्र आत्म्यालाच सर्दी व्हायची!” सगळी खोली हसली. देओलिंदाही हसली, हातात पावाचं ताट होतं, ते तिने सगळ्यांपुढे फिरवलं, एर्मीनियापुढेही. दुसऱ्या दिवशी छतावर दोनदा ठोकलं गेलं. तिने टाच उचलली नाही. तिसऱ्या दिवशीही ठोकलं गेलं. पुढे ते बंद झालं. विधवेच्या घरात देव आला आणि हिने त्याची मस्करी केली, हे तिने मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

पाणी उकळलं. तिने कॉफी केली नाही. त्याच वर्षी, नोव्हेंबरात, तिला पहिल्यांदा पायांना कळलं होतं की जमीन उबदार आहे. एर्मीनियाच्या खिडक्यांवर आतून वाफ धरलेली असायची, आणि ती कचरा टाकायला बिनबाह्यांच्या झग्यात बाहेर यायची, भर थंडीत, लालबुंद. ‘मिरवायला हवं ना,’ देओलिंदा पडद्याआडून म्हणायची, ‘पैसा उतू चाललाय.’ आणि त्याच महिन्यात तिने पलंग सरकवला होता. उत्तरेच्या भिंतीपासून ओढत ओढत पलीकडच्या कोपऱ्यात, तिथे जमीन सगळ्यांत गरम होती म्हणून. स्वतःला सांगितलं होतं, इकडे उजेड बरा येतो. पुढच्या वर्षी खुर्ची सरकवली. मग शिवणाचं यंत्र. बघता बघता तिचं सगळं घर खालच्या घराच्या हीटरांवर जाऊन बसलं होतं. या स्वयंपाकघरातही मेज खिडकीशी नव्हतं, भलत्याच ठिकाणी, मधोमध उभं होतं, आणि ते तिथे का आहे हे तिला आत्ता, या थंडीत, स्पष्ट दिसत होतं.

तिने टाच उचलली. गुडघा कुरकुरला. दोनदा आपटली, आणि थांबली. मेजाच्या कडेला धरून ती उभी होती. तळपाय बधिर होत चालले होते. खाली काही नाही. तिने पुन्हा आपटली, जोराने, सपात निघून गेली. पुन्हा शांतता, आणि तिला जाणवलं की आपण आत्ता प्रार्थनाही करत नाही आहोत, नुसतं ‘उठ गं, उठ गं’ म्हणतोय. बऱ्याच वेळाने खालून एक ठोका आला. हलका. मग, जरा थांबून, दुसरा.

ती खुर्चीत बसली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या पाठोपाठ, तेवढ्याच वेगाने, राग आला. जिवंत आहे ना? मग हीटर का लावत नाही? काय झालंय तिला लावायला? हे तिने जवळजवळ मोठ्याने म्हटलं, आणि मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. जणू नळाला पाणी आलं नाही म्हणून पालिकेवर चिडावं तशी ती चिडली होती. ज्या बाईशी सात वर्षं शब्द बोलली नाही, जिला जिन्यात पाहून तोंड फिरवलं, तिची ऊब हिला हक्काची वाटत होती. देओलिंदाला फार लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, ती अंगभर पसरली, कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि या घरात आज सकाळपासून तेवढंच काय ते गरम होतं.

आता कळलं होतं की ती जिवंत आहे. परत पांघरुणात शिरता आलं असतं. तिने तसा विचारही केला. खोटं कशाला सांगा, चांगली पाच मिनिटं केला. खाली गेलं की सगळं बोलावं लागणार. मुकुट, सर्दी, पलंग, सगळं. त्यापेक्षा चकती फिरवावी, आपलं आपण तापावं, पुढच्या महिन्यात औषधं निम्मी घ्यावी, लोक घेतातच. पण चकती फिरवली तरी एर्मीनियाला त्याचा काय उपयोग, हे तिच्या लक्षात आलं. ऊब खालून वर जाते. वरून खाली येत नाही. सात हिवाळ्यांतलं एका दुपारचंही ऋण या जमिनीतून खाली परत पाठवता येणार नव्हतं. ते पायांनीच न्यावं लागणार होतं. आई मनगट धरून उभी असल्यासारखं तिला वाटलं. तिने नखाने चिकटपट्टी उचकटली आणि चकती फिरवली, एकदम बरीच. भिंतीत कुठेतरी खट् झालं. थोड्या वेळाने भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या हीटरच्या पत्र्याच्या पट्ट्यांतून टकटक सुरू झाली आणि जळक्या धुळीचा वास आला. सात वर्षांची धूळ होती. मग ती कोट घालून, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, जिना उतरली.

“कोमाद्रे,” तिने दारावर थाप मारून म्हटलं. मग जरा मोठ्याने, “कोमाद्रे, मी आहे.”

आत खुर्ची सरकली. “दार उघडंच आहे. जोरात लोट, खाली चिंध्या लावल्यात.”

स्वयंपाकघराच्या दोन्ही दारांवर गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, त्यामुळे ते एका बोगद्यासारखं झालं होतं. एर्मीनिया काळ्या कोटात बसली होती, ग्वाल्तेरच्या अंत्यविधीला घातलेला तोच कोट, डोक्यावर लोकरी टोपी, आणि दोन्ही पाय ओव्हनच्या उघड्या दारासमोर. झाडू मांडीवर आडवा होता.

“मेले का ते बघायला आलीस?”

“हो,” देओलिंदा म्हणाली. “आणि ठोकायला एवढा वेळ का लावलास गं?”

“झाडू पुढच्या खोलीत होता. तिथे जायचं म्हणजे बर्फात उतरायचं. रेडिओही तिथेच राहिला, मी म्हटलं राहू दे, देवाला माझा आवाज येतोय तेवढा पुरे.” ती हसली, पण डोळे मिटूनच. “डोकं फार जड झालंय रात्रीपासून.”

देओलिंदाने पुढे होऊन ओव्हन बंद केला. मग खिडकीची चौकट हिसके देऊन वर केली. बोचरी हवा आत आली.

“वेडी झालीस का? गोठवून मारतेस मला?”

“फिलोमेनाचं विसरलीस? पहिल्या बाकावर बसून काय झोपली होतीस?”

“फिलोमेना म्हातारी होती,” एर्मीनिया म्हणाली. खिडकीतून येणाऱ्या हवेने कॅलेंडरचं पान फडफडत होतं. “मालकाचं भाडेवाढीचं पत्र आलं ना तुला? मलाही आलं. हे भरू की ते भरू. छप्पर नसेल तर तापवायचं काय, म्हणून मग काल रात्री हीटर बंदच केलं.” तिने मोजे घातलेले पाय एकमेकांवर घासले आणि खाली बघत म्हणाली, “तुला गार लागलं असेल वर. सांगायला हवं होतं मी तुला. पण सांगणार कसं, आपलं बोलणं नव्हतं.”

देओलिंदा दाराजवळच उभी होती. काय सांगायचं ते तिने जिन्यात सगळं जुळवून आणलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. “तुला माहीत होतं?” एवढंच ती म्हणाली.

“अगं, तो पलंग ओढलास तेव्हा माझ्या ताटात चुना पडला छताचा. माहीत कसं नसेल?” एर्मीनियाने टोपी नीट केली. “पहिल्या हिवाळ्यात तू रात्रभर चालायचीस. ग्वाल्तेर नाही, घर गार, आणि तू वर आपली इकडून तिकडे, इकडून तिकडे. मला झोप येईना. त्या मुकुटाच्या दिवशी मी जे बोलले ते बोलले. माझी जीभ अशीच, लग्नाआधीपासून. परत कशी घेणार? मी ठोकलं, तू उत्तर दिलं नाहीस. मग म्हटलं चकती तरी फिरवून बघू. फिरवली, आणि चार दिवसांनी तुझं चालणं थांबलं.”

“आणि तू बिनबाह्यांची फिरत होतीस.”

“उकडायचं गं मला! भट्टी झाली होती नुसती. तुला काय वाटलं, मिरवत होते?”

“हो,” देओलिंदा म्हणाली. “तेच वाटलं.” आणि ती रडायला लागली, आवाज न करता, कोटाच्या बाहीने नाक पुसत. पोळलेल्या हातावर दुसरा तुकडा ठेवला होता तेव्हा ती रडली नव्हती. ते रडणंही बहुधा आत्ताच येत होतं. एर्मीनियाने तिला गप्प केलं नाही. झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि वाट पाहिली.

“वर चल,” देओलिंदा शेवटी म्हणाली. “मी लावलंय.”

“कधी?”

“आत्ता. खाली यायच्या आधी.”

“कशातून भरणार आहेस?”

“ते माहीत नाही. पण एकच घर तापवू. दोन कशाला?”

“सोळा पायऱ्या आहेत,” एर्मीनिया म्हणाली. “माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?” पण ती उठली होती.

चढायला त्यांना बराच वेळ लागला. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणायचे, थांबायचं, कठडा धरायचा. मधल्या वळणावर एर्मीनिया भिंतीला टेकून म्हणाली की मेल्यावर मला या जिन्याने नेऊ नका, खिडकीतून टाका. आणि देओलिंदा म्हणाली, बोलू नकोस, दम राख. वरचं दार उघडलं तेव्हा घर अजून तापलेलं नव्हतं. पट्ट्या टकटकत होत्या, धुळीचा वास होता, आणि दोघींचे श्वास दिसत होते. एर्मीनिया उंबऱ्यात थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं. मधोमध उभं मेज पाहिलं, भलत्याच कोपऱ्यातला पलंग, त्याच्या शेजारची खुर्ची. एकेक वस्तू बघताना तिचे ओठ हलत होते. खाली आपलं काय काय कुठे आहे ते ती जुळवत असावी. सर्दीबद्दल ती काही बोलली नाही. देओलिंदाने मेज एका बाजूने उचललं, एर्मीनियाने दुसरी बाजू नुसती धरल्यासारखी केली, आणि ते त्यांनी पट्टीजवळ भिंतीशी नेलं. दोन खुर्च्या ओढल्या आणि कोट न काढता दोघी शेजारी शेजारी बसल्या, कारखान्यात बसायच्या तशा, एकीचा कोपर दुसरीला लागेल अशा.

पट्टी हळूहळू कोमट होऊ लागली. हातांना कळत होतं, गुडघ्यांना कळत होतं. जमीन मात्र थंडच होती. ती आता थंडच राहणार होती, खाली कुणी नव्हतं. पुढच्या महिन्याच्या बिलाचं दोघींपैकी कुणी काढलं नाही.

एर्मीनियाचं लक्ष देओलिंदाच्या पायांकडे गेलं. सपातांतून बाहेर आलेली बोटं निळसर पडली होती.

“हे काय? मोजे कुठायत तुझे?”

“नाहीयेत.”

“नाहीयेत म्हणजे?”

“लागलेच नाहीत इतकी वर्षं.”

एर्मीनियाने तिच्याकडे पाहिलं, मग धापा टाकत वाकली. तिने एकावर एक असे दोन जोड घातले होते. वरचा लोकरीचा जोड तिने मोठ्या कष्टाने ओढून काढला, एक, मग दुसरा, आणि देओलिंदाच्या मांडीवर टाकला. “घाल,” ती म्हणाली.

देओलिंदाने मोजे चढवले. ते गरम होते.